चाबी कोणाजवळ राहील?

बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला गल्लीत एक पद न मागता मिळतं. खजिनदाराचं. गणपतीचा खजिनदार तो, कोजागरीच्या दुधाचा खजिनदार तो, आणि कोणाच्या मुलीचं लग्न निघालं की आहेराची पाकिटं सांभाळत मांडवाच्या कोपऱ्यात बसणाराही तोच. दिवसभर दुसऱ्याचे पैसे मोजणाऱ्याला संध्याकाळीही दुसऱ्याचेच पैसे मोजायला आवडत असणार, असा लोकांचा ठाम समज असतो. हलवायाला कोणी म्हणत नाही, की दुकान बंद झाल्यावर जरा आमच्याकडे चार किलो जिलबी तळून जा. कारकुनाला मात्र म्हणतात. त्यातून मी बी. कॉम. म्हणजे गुन्हाही केलेला आणि वर लेखी कबुलीजबाबही दिलेला.

तेव्हा आमच्या वस्तीतल्या चार क्रीडा मंडळांनी एक होऊन एकच सामाईक क्लबघर बांधायचं ठरवलं, तेव्हा त्याचा खजिनदार कोण, यावर चर्चासुद्धा झाली नाही. अध्यक्ष कोण यावर तीन बैठका झाल्या. सचिव कोण यावर दोन लोकांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. खजिनदाराचं नाव आलं तेव्हा सगळ्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा शेंगदाणे सोलत होतो. ते मला संमतीदर्शक वाटलं नव्हतं, पण इतिवृत्तात तसं लिहिलं गेलं.

आमची वस्ती अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या अंगाला. मंडळं चार. सगळ्यांत जुना आखाडा. तो वस्तादांचा. वस्तादांचं वय पंचाहत्तरीच्या पुढं, पण मान अशी की शर्टाचं वरचं बटण आयुष्यात कधी लागलेलं नाही. दुसरं कबड्डी मंडळ. यांच्याकडे पोरं भरपूर, पैसे मुळीच नाहीत. तिसरा क्रिकेट क्लब. यांच्याकडे दोन बॅटी, दीड जोड पॅड आणि चकचकीत छापील लेटरहेड. चौथे बॅडमिंटनवाले. हे बहुतेक निवृत्त. एक इतिहासाचे प्राध्यापक, दोन डॉक्टर, एक वकील. पहाटे खेळायचे आणि शटलपेक्षा गुडघ्यांवर जास्त बोलायचे.

ही चार मंडळं एकत्र येतील असं कोणी स्वप्नातही म्हटलं नसतं. क्रिकेटवाल्यांच्या मते कबड्डी म्हणजे आरडाओरडा, कबड्डीवाल्यांच्या मते क्रिकेट म्हणजे उन्हात उभं राहणं, आणि बॅडमिंटन हा पुरुषाचा खेळ आहे हे वस्तादांना अजून कोणी पटवू शकलेलं नाही. पण एका पावसाळ्यानं चमत्कार केला. कबड्डीची मॅट भिजून तिच्यावर बुरशी आली. क्रिकेटचं किट सेक्रेटरींच्या सासूबाईंच्या पलंगाखाली होतं, ते "आत्ताच्या आत्ता" हलवायचा हुकूम सुटला. बॅडमिंटनवाल्यांच्या भाड्याच्या हॉलचं मंगल कार्यालय झालं. आणि एका रात्री आखाड्याच्या छपराचे पत्रे उडून शेजारच्या गोठ्यावर जाऊन बसले. माणसं प्रेमानं एकत्र येतात असं भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेलं असतं. मी जे पाहिलं त्यात माणसांना एकत्र आणलं ते गळक्या छपरानं.

पहिली बैठक एका शेतावर झाली. वऱ्हाडात महत्त्वाचा कुठलाही निर्णय रोडगे आणि वांग्याच्या भाजीशिवाय होत नाही, आणि झालाच तर तो टिकत नाही. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला रोडगा तुपात बुडवल्यावर माणूस विशालहृदयी होतो. तिसऱ्या रोडग्याला क्रिकेटवाले म्हणाले, खेळ हा एकच धर्म. चौथ्याला वकील म्हणाले, मी कागदपत्रं फुकट करून देईन. (रोडग्याचा अंमल किती असतो हे यावरून कळावं.) आणि मग वस्ताद, जे तोवर एक शब्द बोलले नव्हते, हात धुता धुता म्हणाले, "जागा माह्या आखाड्याची घ्या. पडूनच हाये. पोट्टे खेळतीन."

आखाड्याची ती जागा आजच्या भावानं किती लाखांची होते हे माझ्या खजिनदारी डोक्यात लगेच सुरू झालं होतं. कोणी काही बोलेना. मग ताकाची वाटी खाली ठेवून कबड्डीच्या कप्तानानं एकच प्रश्न विचारला. तो प्रश्न पुढं दोन वर्षं आमच्या मानगुटीवर बसला.

"थे सबन ठीक हाये जी. पन चाबी कोनाजवळ राहीन?"

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. बँकेत आम्ही संयुक्त खातं उघडतो तेव्हा पहिल्यांदा हेच विचारतो. पैसे कोण काढणार? दोघांपैकी कोणीही एक, की दोघांच्या सह्या लागतील? नवराबायको फॉर्म भरायला येतात तेव्हा या रकान्यापाशी दोघंही एक क्षण थांबतात. वीस वर्षांचा संसार त्या एका क्षणात मला काउंटरपलीकडून दिसतो. जे सगळ्यांचं आहे ते नक्की कोणाचं, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी ग्रंथांत सोडवला असेल. आमच्याकडे तो चौकटीत टिकमार्क करून सोडवावा लागतो.

कप्तानाच्या प्रश्नावर उपाय मीच सुचवला. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोन वेगळ्या माणसांकडे, आणि दोघं हजर असल्याशिवाय ती उघडत नाही. ही व्यवस्था अविश्वासावर उभी आहे आणि म्हणूनच तिच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे. आपणही तसंच करू. कल्पना एकमतानं मंजूर झाली, फक्त मंडळं चार असल्यामुळं कुलपंही चार ठरली. चार सेक्रेटरी एका वेळी हजर असले तरच दार उघडेल, आणि ते चौघं एका वेळी हजर असले तर आत जायची गरज उरणार नाही, कारण सामना बाहेरच सुरू होईल, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसरा प्रश्न नावाचा. चार संस्थांचं विलीनीकरण करायचं तर नाव कोणतं द्यायचं? विलीनीकरण ही गोष्ट मला ऐकून माहीत नाही, जवळून माहीत आहे. २०२० च्या १ एप्रिलला दहा सरकारी बँकांच्या चार बँका झाल्या. तारीख १ एप्रिल असल्यामुळं काही खातेदारांना बराच वेळ ते खरंच वाटत नव्हतं. पाटी बदलली, पासबुकं बदलली, आणि पुढं कितीतरी दिवस म्हातारी माणसं दारात उभी राहून विचारत, "आमची बँक कुठं गेली हो?" पैसे सुरक्षित आहेत हे सांगून त्यांचं समाधान होत नसे. त्यांचा प्रश्न पैशाचा नव्हताच.

बी. कॉम.ला आम्हाला गुडविल नावाची चीज शिकवली होती. मराठीत नावलौकिक म्हणा. दोन फर्म एक होतात तेव्हा टेबलखुर्च्यांची किंमत ठरवणं सोपं असतं, गुडविलची ठरवताना मारामारी होते. त्यातही एक गंमतीचा नियम आहे. पैसे मोजून घेतलेलं गुडविल वहीत दाखवता येतं. स्वतःच्या घामानं कमावलेलं दाखवता येत नाही. आमच्या चार मंडळांनी आपापलं गुडविल टेबलावर मांडलं. क्रिकेटवाल्यांनी १९८३ चा विश्वचषक आपल्या खात्यात जमा धरला. बॅडमिंटनवाल्यांनी प्रकाश पदुकोणनं १९८० मध्ये जिंकलेली ऑल इंग्लंड स्पर्धा काढली. कबड्डीवाल्यांनी १९९० च्या बीजिंग एशियाडचं सुवर्णपदक ठेवलं. फक्त वस्तादांनी काही ठेवलं नाही. त्यांनी जागा ठेवली होती, आणि ती ठेवल्याचं ते विसरूनही गेले होते.

शेवटी प्राध्यापक म्हणाले, "आपण भांडण्याआधी, ज्यांना हे जमलं त्यांच्याकडे एकदा जाऊन येऊ." म्हणजे अमरावतीला. एका रविवारी आम्ही सातजण बडनेऱ्यापर्यंत रेल्वेनं निघालो. सात का, तर संस्थांच्या १८६० च्या कायद्याखाली नोंदणी करायची तर किमान सात माणसं लागतात. कबड्डीच्या एका संघातही सातच. कायदा करणाऱ्या इंग्रजाला कबड्डी ठाऊक नसावी, पण हिशेब जुळला होता.

गाडीत प्राध्यापकांनी आम्हाला मुंबईच्या जिमखान्यांची गोष्ट सांगितली. मरीन ड्राइव्हला समुद्राकडं तोंड करून जिमखाने ओळीनं उभे आहेत. पारशी जिमखाना १८८५ चा, हिंदू जिमखाना १८९४ चा, शेजारीच इस्लाम जिमखाना. वारा एकच, समुद्र एकच, दारं वेगळी. तिकडं बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर १९३३ च्या डिसेंबरात भारतातला पहिला कसोटी सामना झाला, लाला अमरनाथनं शतक ठोकलं, आणि त्या जिमखान्याचं सभासद मात्र त्या काळी हिंदी माणसाला होता येत नव्हतं. मैदानावर खेळा, आत येऊ नका. सामने तरी कोणाकोणात? हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे चौरंगी. १९३७ मध्ये उरलेल्यांचा पाचवा संघ आला आणि त्याचं नावच 'द रेस्ट'. ती स्पर्धा १९४६ मध्ये बंद झाली.

"आणि पळवणकर बाळू?" प्राध्यापक म्हणाले. चांभार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. १९११ साली हिंदी संघ इंग्लंडला गेला तेव्हा यानं शंभरावर बळी घेतले. त्याआधी पुण्यात हिंदूंच्या संघाला युरोपियनांना हरवायचं होतं म्हणून याला संघात घेतलं होतं. चेंडू त्याच्या हातचा सगळ्यांना चालायचा. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा घ्यायचे आणि बाळूला बाहेर, मातीच्या कुल्हडात. पुढं त्याचाच भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये हिंदूंचा कप्तान झाला, पण त्यासाठी किती वर्षं आणि किती बळी लागले.

आम्ही सगळ्यांनी जिभा चुकचुकवल्या. "कसे लोक होते!" मी म्हणालो. मूर्तिजापूरला चहावाला चढला. आम्ही सात कप घेतले.

क्रिकेटच्या सेक्रेटरींना मात्र मुंबईवरून दुसरंच आठवलं. "आणि वानखेडे स्टेडियम? वानखेडे आपल्या विदर्भाचे!" ते छाती काढून म्हणाले. ते खरंच. शेषराव वानखेडे विदर्भाचे. पण ते स्टेडियम का झालं? ब्रेबर्न स्टेडियम १९३७ पासून तिथं होतंच. ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, आणि सामने भरवायचे मुंबई क्रिकेट असोसिएशननं. कोणाला किती जागा, किती तिकिटं, यावरून दोघांचं बिनसलं. वानखेड्यांनी हाकेच्या अंतरावर वर्षसव्वा वर्षात दुसरं स्टेडियम उभं केलं, आणि १९७५ च्या जानेवारीत तिथं वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी झाली. एका घरात पटेना, म्हणून शेजारी दुसरं घर. "म्हणजे चाबीचाच प्रश्न," कप्तान खिडकीबाहेर पाहत म्हणाला.

अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ मी लहानपणी एकदा पाहिलं होतं, पण तेव्हा लक्ष मैदानापेक्षा बाहेरच्या गिला वड्याकडं होतं. १९१४ साली वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंतरावांनी, हे काम सुरू केलं. सुरुवात आखाड्याची. आज शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय आहे, मल्लखांब आहे, योग आहे, देशभरची पोरंपोरी तिथं शिकतात. १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिक भरलं तेव्हा इथला चमू तिकडं गेला आणि भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून आला. त्यात हुतूतूही होता, म्हणजे आपली कबड्डी. आमचा कप्तान ते ऐकून इतका हळवा झाला, की त्यानं परतीच्या तिकिटाचे पैसे स्वतः देऊ केले. (घेतले मात्र मीच, वर्गणीत जमा केले.)

तिथं हिंडताना त्यानंच एक गोष्ट सांगितली, ती मला पुढं फार उपयोगी पडली. कबड्डी पूर्वी एक नव्हती. महाराष्ट्रात हुतूतू, मद्रासकडे चेडुगुडू, बंगालात हाडुडू. नियमही वेगळे. एक प्रकार अमर, त्यात बाद झालेला खेळाडू मैदानातच राहायचा, फक्त गुण मोजायचे. दुसरा गामिनी, त्यात बाद झाला तो गेला, सगळा संघ बाद होईपर्यंत परत यायचा नाही. तिसरा संजीवनी, त्यात आपल्या संघानं समोरचा एक टिपला की आपला एक बाद गडी जिवंत होऊन आत यायचा. सगळ्यांनी आपापला हट्ट थोडा थोडा सोडला, १९५० मध्ये अखिल भारतीय फेडरेशन झालं, आणि आजच्या खेळात संजीवनी टिकली. "बाहीर बसलेल्याले आत घेता येते, थोच खेळ टिकला," तो म्हणाला. मी ते टिपून घेतलं. इतिवृत्तात वाक्य बरं दिसतं.

वस्ताद मात्र कुठलंही प्रात्यक्षिक न पाहता आखाड्याच्या मातीपाशी उभे होते. चपला काढून. थोडी माती त्यांनी बोटांत घेतली, वास घेतला आणि रुमालाच्या कोपऱ्यात बांधली. परत येताना नावाचा वाद कोणी काढला नाही.

क्लबघर झालं. नोंदणी, धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय, नकाशा, वर्गणी, यांत दीड वर्ष गेलं आणि माझे उरलेसुरले काळे केस गेले. वास्तू मात्र देखणी. आत लाकडी पट्ट्यांचं कोर्ट, कबड्डीची नवी मॅट, क्रिकेटवाल्यांना जाळीचा सराव, पुढं काचेचं दार. मातीचा हौद काढावा लागला, कारण लाकडी फरशी आणि माती एका छपराखाली नांदत नाहीत असं इंजिनियर म्हणाला. वस्ताद म्हणाले, "काढा. जमाना मॅटचा हाये." उद्घाटनाला फलक लागला, 'सर्व खेळाडूंसाठी'. अक्षरांची किंमत अक्षरामागं नव्वद रुपये पडली, मला पाठ आहे.

आणि मग पहिलं विजेचं बिल आलं.

त्या बिलानं माझ्यातला खजिनदार जागा झाला. मी एका रात्रीत नियमावली लिहून काढली. एकवीस कलमं. प्रवेश फी, मासिक दोनशे रुपये, फोटोचं ओळखपत्र, पांढऱ्या तळव्याचे बूट, कारण साध्या बुटांनी फरशीला काळे ओरखडे पडतात. प्रत्येक कलमाला कारण होतं. आजही त्यातलं एकही कलम मला मूर्खपणाचं वाटत नाही, हीच खरी अडचण आहे. समितीनं नियमावली टाळ्या वाजवून मंजूर केली. त्या टाळ्या मला मिळालेल्या आयुष्यातल्या पहिल्या.

आमच्या कोपऱ्यावर चहाची टपरी आहे. ती चालवते एक बाई, आणि तिचा पोरगा तेरा-चौदा वर्षांचा. सकाळी शाळा, दुपारपासून टपरी. हा पोरगा रोज संध्याकाळी आखाड्यात यायचा. जुन्या आखाड्यात, म्हणजे फी नसलेल्या, दार नसलेल्या. लंगोट घालून मातीत लोळायचा, वस्तादांच्या दहा शिव्या खायचा, आणि परत जाऊन कप विसळायचा. क्लबघर झाल्यावर तोच आमच्या बैठकांना चहा आणू लागला. काचेच्या दाराशी चपला काढून उभा राहायचा, थाळीतले कागदी कप कोणीतरी आत घ्यायचं, आणि तो जायचा.

एका संध्याकाळी तो गेला नाही. काचेला नाक लावून आतली कबड्डी पाहत उभा राहिला. मी दाराजवळच पावतीपुस्तक घेऊन बसलो होतो. त्यानं दार थोडं ढकललं.

"साहेब, मी येऊ?"

"कार्ड आहे?" मी विचारलं. अगदी प्रेमानं विचारलं. बँकेत आम्हाला प्रेमानं नाही म्हणायचं प्रशिक्षण दिलेलं असतं.

"कार्ड नाही जी."

"मग उद्या आईला घेऊन ये. फॉर्म भरू." दोनशे रुपयांचं मी बोललोच नाही, ते फॉर्मवर छापलेलं होतं. तो बरं म्हणाला आणि थाळी घेऊन गेला. मी चहा उचलला. थोडा गार झाला होता. अर्धा पिऊन झाल्यावर मला मूर्तिजापूर स्टेशन आठवलं, आणि पुढचा अर्धा घशाखाली उतरेना.

पुण्यातल्या त्या लोकांना आम्ही गाडीत बसून नावं ठेवली होती. त्यांनी निदान बाळूला चहा दिला होता. आम्ही त्या पोराच्या हातचा चहा आत घेत होतो आणि त्याला बाहेर ठेवत होतो. त्यांच्याकडं निदान जुनी रूढी होती म्हणायला. आमच्याकडं एकवीस कलमं होती आणि खाली माझी सही.

चार मंडळं एक झाली याचा आम्हाला कोण अभिमान! पण ज्याचं कुठलंच मंडळ नाही त्याच्या वतीनं टेबलाशी कोण बसलं होतं? चार जणांनी मिळून भिंत बांधली की ती चौघांची होते, आणि पाचव्याला ती पहिल्यापेक्षा उंच लागते, हे माझ्या हिशेबात आलंच नव्हतं.

बाहेर पडलो तर क्लबघराच्या मागं, जिथं काढलेली माती ढीग करून टाकली होती, तिथं कंदिलासारखा एक पिवळा बल्ब लटकत होता. वस्तादांनी ती माती पसरली होती. त्यात आठ-दहा पोट्टे डंड मारत होते. थाळी भिंतीला टेकवून चहावाला पोरगाही. मी उभा राहिलो. वस्ताद रागावतील, निदान टोमणा मारतील अशी माझी अपेक्षा होती, कारण तसं झालं असतं तर मला भांडता आलं असतं. ते एवढंच म्हणाले, "बाबू, बल्बाची लाईन आपल्याच मीटरवरून घेतली हाये. बिलात वाढ आली तं मले सांगजो, मी देतो."

घरी मी ही गोष्ट सौभाग्यवतींना सांगितली. त्यांनी पोळी लाटता लाटता विचारलं, "पण जागा कोणाची आहे ती?" आणि पुढची पोळी घेतली.

पुढच्या बैठकीत मी माझीच नियमावली मागं घ्यायचा ठराव मांडला. वाचकांना वाटेल आता सगळ्यांचे डोळे पाणावले असतील. तसं काही झालं नाही. डॉक्टर म्हणाले, आम्ही पैसे भरतो, कोर्टाचा खर्च आम्ही करतो, मग फुकट येणाऱ्यांनी आमची वेळ का घ्यावी? यात चूक काय होतं? वकील म्हणाले, आज दहा येतील, उद्या शंभर. हेही खरं. सेक्रेटरी म्हणाले, फुकटाची कोणाला किंमत नसते. यावर मात्र माझ्या तोंडून निघून गेलं, "जागा आपल्याला फुकट मिळाली आहे." मग बराच वेळ पंख्याचा आवाज ऐकू आला.

कप्तान म्हणाला, "आपन अमरावतीले काय लिहून आनलं होतं, थे वाचा ना जी." मी इतिवृत्त उघडलं. बाहेर बसलेल्याला आत घेता येतं तोच खेळ टिकला. अक्षर माझंच होतं. प्राध्यापकांनी चष्मा पुसला आणि तोडगा काढला. फी राहील, देऊ शकणाऱ्यांसाठी. पहाटे आणि संध्याकाळी एकेक तास दार सगळ्यांना उघडं, कार्ड नाही, फी नाही. बुटांऐवजी अनवाणी चालेल, पाय धुऊन. अनवाणी पायानं फरशीवर ओरखडा पडत नाही, हे एकवीस कलमं लिहिताना मला सुचलं नव्हतं. ठराव पास झाला. दोघांनी विरोध नोंदवला, एकानं राजीनामा दिला आणि पुढच्या महिन्यात परत घेतला. तूट येते. दर महिन्याला येते. ती मी चार जणांकडून मागून भरतो, आणि मागताना मला लाज वाटते. पण ती लाज परवडते.

आता राहिली चाबी. पहाटे पाचला दार उघडायचं तर चार कुलपांचे चार मालक कुठून आणायचे? डॉक्टर उठतात पण येत नाहीत, सेक्रेटरी येतात पण उठत नाहीत. त्या वेळी वस्तीत जागं असतं एकच ठिकाण. चहाची टपरी. साडेचारला तिथं स्टोव्ह पेटतो. तीन कुलपं निघाली, एक राहिलं, आणि त्याची चाबी टपरीतल्या साखरेच्या डब्यामागच्या खिळ्याला गेली. दोन वर्षं जिच्यासाठी चार मंडळं भांडली ती चाबी शेवटी पाचव्याकडं राहिली, आणि गंमत म्हणजे त्यावर मतदानसुद्धा झालं नाही.

काल पहाटे डॉक्टरांच्या सल्ल्यानं मीही व्यायामाला म्हणून गेलो. पोट कमी करायला सांगितलंय. दार तो पोरगा उघडत होता. मी काळ्या तळव्याचे बूट घालून तसाच आत शिरू लागलो, तर त्यानं हात आडवा केला.

"साहेब," तो अगदी प्रेमानं म्हणाला, "बूट बाहीर. पाय धुऊन या."

मी नळाकडं गेलो. पाणी फार गार होतं.